अनुसया काकूंची चिरक

अनुसया काकूंनी उंबरा पुसला, की तो वाळेपर्यंत त्यांच्या घरात पाय टाकायची कुणाची टाप नव्हती. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाने ओल्या उंबऱ्यावर बूट ठेवला. "ए शहाण्या, तुझ्या बापानं पुसलाय का रे?" म्हणत काकूंनी फडकं त्याच्या हातात दिलं, आणि त्या बिचाऱ्याने खरंच पुसला. मग त्याला चहा मिळाला, सोबत बटर मिळालं, आणि "पुढच्या वेळी चपला घालून ये" असा सल्लाही मिळाला. आधी शिव्या आणि मग चहा, हा त्यांचा क्रम ठरलेला. मी लग्न होऊन अंबरनाथच्या त्या चाळीत आले, तेव्हा डोक्यावर पदर घेऊन नळावर गेले. काकू ओरडल्या, "डोकं झाकून बादली दिसते का गं तुला? पड आता धडपडून." मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "पडले तर तुम्ही उचला." तेव्हापासून आमचं जमलं.

नव्वद साल उजाडायच्या आधीची ही गोष्ट. काकू औषधाच्या कंपनीत बाटल्यांवर लेबलं लावायच्या. नवरा लवकर गेलेला, घरात त्या आणि मुलगा विलास. अंगाने ठेंगण्या, पण चाळीच्या त्या टोकाला बोलल्या तर या टोकाला माझ्या मशीनवरची सुई थांबायची. मी फॉल-पिकोचं काम करायचे. रविवारी काकू पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायच्या आणि परत आल्यावर जेवणं होईपर्यंत तोंडातून वाईट शब्द काढायच्या नाहीत. पोरं मुद्दाम तेवढ्यात त्यांच्या दारात गोट्या खेळायची. काकू ओठ घट्ट मिटून बघत राहायच्या, आणि जेवणाचं ताट घासून झालं की सगळ्यांचा हिशोब एकदम चुकता करायच्या.

विलास लग्नाला आलेला, आईसारखाच तापट आणि आईसारखाच मायाळू. कारखान्यात होता तो कारखाना बंद पडला, तेव्हा जांभूळ गावाच्या बाजूला एका दगडखाणीत लागला. काम झेंडेवाल्याचं. सुरुंग उडवायच्या आधी लाल झेंडा आणि शिट्टी घेऊन रस्त्यावर उभं राहायचं आणि येणारी-जाणारी माणसं, गाड्या थांबवायच्या. काठी खाण द्यायची, झेंड्याचं कापड मात्र ज्याने त्याने आणायचं. लोक जुन्या लुगड्याचा तुकडा लावायचे. काकूंना ते कसं चालणार!

मला दोरे आणायचे होते म्हणून आम्ही दोघी उल्हासनगरला कॅम्प दोनला गेलो. तिथल्या एका सिंधी कटपीसवाल्याकडे काकूंनी निम्मं दुकान खाली उतरवलं. शेवटी बोट ठेवलं ते लालभडक साटनवर, काठाला सोनेरी जर असलेल्या.

"अम्मा, ये शादी का माल है. दुल्हन का लहंगा बनता है."

"मेरे को झेंडा बनाने का है."

"झेंडा? कौनसी पार्टी का?"

"खदान पार्टी का. एकच लडका है मेरा, साईं. वो दूर से दिखना मंगता."

त्या माणसाने कापडाची घडी घातली. मग "ले जाओ अम्मा, टुकडा ही है" म्हणाला आणि भाव करायचा राहूनच गेला. काकूंना त्याची चुटपुट लागली. घासाघीस न करता घेतलेली वस्तू त्यांना चोरीची वाटायची. घरी आल्यावर मी त्या झेंड्याला कडेने पिको केला. लाल दोरा संपला होता, म्हणून पिवळा घातला. खाणीवर विलासची फार चेष्टा झाली. "काय रे, होणाऱ्या बायकोचा शालू पळवलास काय?" तो चिडून आईवर ओरडला, आणि दुसऱ्या दिवशी तोच झेंडा खांद्यावर टाकून गेला.

शिमगा होऊन गेला असेल. एका सकाळी नळावर मायलेकांचं वाजलं. निमित्त काय, तर विलासला आखातात जायचं होतं आणि काकूंना ते नको होतं. तो म्हणाला, "एक दिवस न सांगता निघून जाईन, मग बस बोंबलत." काकूंच्या हातात भरलेली कळशी होती. सगळ्या बायकांसमोर त्या ओरडल्या, "जा! आत्ता जा! कर तोंड काळं, परत दिसू नको मला!" तो गेला. डबा घेऊन गेला, तेवढं मी पाहिलं.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत खाणीचा एक कडा ढासळला. सुरुंग नाही, काही नाही, आपोआप. मोठमोठे दगड खाली आले आणि त्यांचा घराएवढा ढीग झाला. खाणीच्या शेठने माणसं मोजली. फोडणारे, भरणारे, सगळे जागेवर. विलास तेवढा नव्हता. शेठ म्हणाला, "तो झेंडेवाला. त्याची जागा रस्त्यावर. कड्याखाली कशाला जाईल तो?" मग कुणीतरी सकाळचं भांडण सांगितलं आणि सगळ्यांचं काम सोपं झालं. पोरगा आईवर रागावून पळाला.

आणि काकूंनी ते उचलून धरलं! मला वाटलं होतं, बाई छाती पिटतील. कुठचं काय. चाळभर सांगत सुटल्या. "माझ्यामुळं गेला तो. माझ्या तोंडामुळं गेला. अशी कशी गं मी चांडाळीण." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ आनंद असायचा. कारण पळून गेलेला पोरगा कुठंतरी जेवत असतो, झोपत असतो, आईला शिव्या घालत असतो. चौकीत जाऊन त्यांनी स्वतः तक्रार दिली, की मुलगा भांडून घरातून निघून गेला आहे, शोधून द्या. खाली सही केली. कुणी दबकत म्हणालं, "काकू, एकदा तो ढीग उपसायला सांगू या का?" तर काकूंनी त्याचं असं काही खानदान काढलं, की पुन्हा कुणी तो विषय घेतला नाही. रोज दोन माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि सकाळी शिळी भाकरी स्वतः खायच्या. मला ते बघवत नव्हतं.

कामावरून सुटल्या की त्या खाणीवर जायच्या. सुट्टीच्या दिवशी मीही सोबत जायचे. ढासळलेल्या बाजूचं काम बंद होतं, भीतीने तिकडे कुणी फिरकत नसे. चैत्राचं ऊन, उघडा काळा दगड, सावलीला एक झाड नाही. मी म्हटलं, "इथं कशाला येऊन बसता?"

"आला तर आधी इथं येईल. माझ्यापुढं यायची लाज वाटेल ना त्याला. कामावर येईल, मग घरी."

तिथेच त्यांना ती पाखरं दिसली. आमच्या माहेरी त्यांना चिरक म्हणतात. चिमणीहून जरा मोठी. नर काळा, उन्हात निळसर चमकणारा, पंखावर पांढरा डाग. शेपटी सदा उभी, आणि शेपटीच्या मुळाशी भाजल्या विटेचा रंग. उंच दगडावर बसून गोड गळ्याने गायचा. मादी मळकट तपकिरी, दिवसभर दगडांतून टुणटुण उड्या मारत किडे वेचणारी. सगळ्यांना नावं ठेवायची काकूंची खोड, तशी त्यांनाही ठेवली. नर 'मुकादम', कारण काम काही नाही आणि रुबाब फार. मादी 'बाई'.

"मुकादम बघ कसा छाती काढून बसलाय. अरे, तिला जरा हातभार लाव की!" काकू तिथून ओरडायच्या. त्या दिवसांत त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं. कड्यात सुरुंगासाठी पाडलेलं एक भोक दारू न भरता तसंच राहिलं होतं, त्यात बाईने घरटं घातलं. काकू मला कौतुकाने म्हणाल्या, "बघ सुमे, लोक सुरुंग भरतात तिथं हिनं संसार भरला." रोज घरी येऊन मला बातम्या द्यायच्या. आज बाईने गवत आणलं. आज सापाची कात आणली. आज केस आणले.

एक दिवस म्हणाल्या, "ढिगात एक फट आहे, सारखी तिथंच घुसते. माश्या, किडे फार आहेत गं तिथं. आत जाते नि चोच भरून येते." मी मशीन चालवत होते. मी मशीन थांबवलं. वाऱ्यावर वास येतो असं खाणीतली माणसं आधीपासून कुजबुजत होती, आणि शेठ म्हणायचा, कुत्रं मेलं असेल. काकू मात्र तशाच बोलत राहिल्या, मुकादम कसा नुसता गातो आणि बाई कशी राबते. त्यांना कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी कळू दिलं नव्हतं.

वैशाखात एका दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. कामावर गेल्याच नव्हत्या. कोपरं खरचटलेली, साडी धुळीने माखलेली, पदर मुठीत धरलेला. आत आल्या, पाय न धुता. अनुसया काकू, आणि पाय न धुता! मी मशीनवरून उठले. पदर सोडून त्यांनी माझ्या मशीनवर ते घरटं ठेवलं. वाटीएवढं. बाहेरून गवत, आत मऊ केस. आणि केसांच्या मधून गुंडाळलेले लाल धागे, एक सोनेरी जर, आणि पिवळा दोरा.

"तो कडा चढले मी," त्या म्हणाल्या. "आत काहीतरी चमकत होतं."

त्यांनी घरट्यातला पिवळा दोरा बोटाने उचलून दाखवला.

"हा दोरा तुझा का गं?"

मी दोरा बोटावर घेतला. पिकोचा वळसा अजून त्याच्यात होता. दुसऱ्या कुणाचा असता तर किती बरं झालं असतं.

"सुमे, नाही म्हण," काकू म्हणाल्या. आवाज इतका हळू, की तो त्यांचा आहे असं वाटेना. "जगात पिवळे दोरे काय थोडे असतात? नाही म्हण ना गं. तू नाही म्हटलंस की मी हे घरटं नेऊन ठेवते परत. अंडी तिथंच दगडावर ठेवलीत मी. ती बाई नुसती ओरडतीय माझ्या डोक्यावर. नाही म्हण, मी जाते."

मला नाही म्हणता आलं नाही. मला होही म्हणता आलं नाही. मी रडायला लागले, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं.

त्या रडल्या नाहीत. घरटं पदरात घेतलं आणि तडक चौकीवर गेल्या, मी मागोमाग. साहेबाच्या टेबलावर घरटं ठेवलं. "माझा पोरगा ढिगाखाली आहे. काढा त्याला." साहेबाने आधी घरट्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बाई, तुम्हीच तर तक्रार दिलीत. भांडून पळून गेला म्हणून. सही तुमचीच ना?"

"माझीच. खोटं बोलले मी. आता खरं बोलते."

"आणि पुरावा म्हणून हे पाखराचं घरटं?"

"हो. हेच."

दोन हवालदार हसले. काकूंनी एरवी त्यांची सात पिढ्यांची खबर घेतली असती. त्या दिवशी त्यांनी हात जोडले. अनुसया काकूंना हात जोडताना मी विहारात मूर्तीसमोर पाहिलं होतं, माणसासमोर कधीच नाही. तिथून शेठकडे गेलो. तो म्हणाला, "पावसाळ्याआधी तो ढीग उचलायचाच आहे. उद्याच मशीन लावतो. काही सापडलं तर कळवू." चांगला गोड बोलला मेला. खाणीतल्या एका माणसाने बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, "ताई, मशीन भरेल ते सरळ क्रशरला जातं. बघत कोण बसतंय त्यात?" क्रशर म्हणजे दगड भरडून खडी करायची गिरणी.

सकाळी मशीन यायच्या आत काकू ढिगावर चढून बसल्या होत्या. विहारातल्या बायका आल्या, चाळीतल्या आम्ही गेलो. शेठ आला, पोलीस आले. "बाई, खाली उतरा, दगड सुटे आहेत, जीव जाईल." काकू बसल्या जागेवरून किंचाळल्या, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. "माझ्या पोराची खडी करताय होय रे? त्याच्यावरनं रस्ते करणार? त्याच्यावरनं गाड्या जाणार? करा! आधी माझी करा!"

मशीन चालवणारा सरदारजी होता, वयस्कर. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, चावी शेठच्या हातात दिली. "मैं नहीं उठाऊंगा, सेठ. पहले हाथ से निकालो." आणि स्वतः पहार घेऊन ढिगाकडे चालू लागला. मग फोडणारे आले, भरणारे आले. शेठ हात हलवत राहिला, कुणी बघितलंसुद्धा नाही. पोलिसांनीही मग टोप्या काढून ठेवल्या.

कुठून काढायचं ते काकूंनी दाखवलं. बाई जायची ती फट. मादी अजून तिथेच घिरट्या घालत होती, चिरचिर ओरडत. दगडावर ठेवलेली अंडी उन्हाने वाया गेली होती, ती कुणीतरी बाजूला सरकवली. काकू एकदा त्या पाखराकडे बघून म्हणाल्या, "तुझं घर मोडलं मी. मला पाहिजे होतं गं." बस्स, तेवढंच. मग हातात घमेलं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

ऊन कललं तेव्हा सापडला. दोन मोठे दगड एकमेकांवर रेलले होते, त्यांच्या पोकळीत. सावली बघून जेवायला बसला असणार, शेजारी डबा होता. उन्हापासून डोक्यावर झेंडा घेतलेला. माणसं काकूंना अडवू लागली, "आई, तुम्ही बघू नका." त्यांनी सगळ्यांना ढकललं. आत वाकल्या. काय उरलं होतं ते मी सांगत नाही. काकूंनी आत हात घालून त्याचा हात धरला आणि नेहमीच्या आवाजात, नळावरच्या आवाजात म्हणाल्या, "उठ. उठ रे गधड्या. मी तोंड काळं कर म्हटलं, तर इथं येऊन निजलास? एवढं ऐकायला कधी लागलास माझं?" आणि तो हात सोडवायला चार बायका लागल्या.

विहारात त्रिशरण म्हटलं, उल्हास नदीकाठी अग्नी दिला. काकू पुढे काही महिने चाळीत होत्या. उंबरा पुसायच्या, पण लोक त्यावरून ओल्या पायांनी जायचे तरी बोलायच्या नाहीत. मीच एकदा मुद्दाम पाय उमटवून गेले, शिवी मिळेल म्हणून. त्यांनी गुपचूप फडकं फिरवलं. मग खोली सोडून त्या वांगणीला बहिणीकडे राहायला गेल्या.

पुढे दोन-तीन वर्षांनी मी वांगणीला एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचे ब्लाऊज द्यायला गेले, तेव्हा बाजारात दिसल्या. पाटी पुढ्यात घेऊन भाजी विकत होत्या. केस पांढरे, अंग वाळलेलं. मला बघून "ये, बस" म्हणाल्या आणि गोणपाट सरकवलं. शेजारी दुसरी भाजीवाली होती, नवीच असावी. बोलता बोलता तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला मुलंबाळं?"

"एक आहे की. विलास," काकू मेथीची जुडी झटकत म्हणाल्या. "भांडून गेला माझ्याशी. आखातात असतो. तोंडाची फार वाईट आहे मी. पण राग गेला की येईल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, सरळ, डोळ्याला डोळा देऊन. वेड लागलेल्या बाईची नजर नव्हती ती. माझ्या मशीनवर घरटं ठेवून उभ्या होत्या, तेव्हाचीच होती.

ती भाजीवाली माझ्याकडे वळली. "तुम्ही ओळखता का हो त्यांच्या मुलाला?"

"ओळखते तर!" मी म्हटलं. "आमच्या चाळीतच तर राहायचा. मजेत आहे तो. पत्र टाकत नाही मेला, एवढंच."